कूलर खिडकीत, वायफाय बाहेर : धंतोलीतल्या एका ऑफिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोलीतला एक जुना बंगला, त्यात करसल्लागार आणि ऑडिटचं ऑफिस. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि जागेचे काही तपशील बदलले आहेत. नेटवर्कचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे इथल्या चुकांमधला मोठा वाटाही माझाच.

जागा आधी डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. रस्त्याच्या बाजूला रिसेप्शन आणि सरांची केबिन. त्यामागे लांबट हॉल, त्यात २२ टेबलं. हॉलच्या पश्चिमेला छताचा व्हरांडा, आणि हॉल व व्हरांडा यांच्यामध्ये तीन मोठ्या, जवळजवळ जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या. व्हरांड्यापुढे फरशीचं अंगण, अंगणात एक कडुनिंब, आणि टोकाला नंतर बांधलेली एक खोली. तिथे आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधी ऑफिसात काम शिकणारी, दहा-बारा मुलं बसतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक फायलींनी छतापर्यंत भरलेली. भिंती दीड विटेच्या, म्हणजे १४ इंची. बंगला भाड्याचा. घरमालक आजोबा शेजारीच राहतात. भिंतीला छिन्नी लावायची नाही, ही त्यांची पहिली आणि शेवटची अट.

माणसं ३८. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि कॅमेरे धरून उपकरणं ९० च्या आसपास. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा सरांच्या केबिनमागच्या कोठीत ठेवलेल्या सर्व्हरवर. अशा ऑफिसात महिन्याचे सगळे दिवस सारखे नसतात. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला दुसरं, जीएसटीआर-३बी, आणि जुलै संपताना आयकराची विवरणपत्रं. या दिवसांत नेट अर्धा तास गेलं तरी सरांचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येतो.

अडचण

मला बोलावलं ते जानेवारीत. निरोप नेहमीचा होता : “नेट स्लो आहे, एकदा पाहून जा.”

‘स्लो’ म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ असं सांगण्यासारखं. अर्धा दिवस ठाण मांडून बसलो तेव्हा एकाऐवजी तीन दुखणी निघाली.

पहिलं, एक्सटेंडर. इंटरनेट देणाऱ्यांचा एकच राउटर रिसेप्शनमध्ये, आणि रेंज वाढवायला एक एक्सटेंडर हॉलमध्ये, एक जिन्यात. साधा एक्सटेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. जिन्यातला एक्सटेंडर हॉलमधल्याकडून घेत होता, म्हणजे निम्म्याचं निम्मं. मोबाइलवर रेंजच्या काड्या मात्र पूर्ण. त्या काड्या जवळच्या एक्सटेंडरपर्यंतचं सांगतात, त्याच्या पलीकडचं नाही.

दुसरं, शेजार. धंतोली म्हणजे दवाखाने, पॅथॉलॉजी, औषधांची दुकानं आणि प्रत्येकाचं आपलं वायफाय. हॉलच्या मधोमध उभं राहून पाहिलं तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४१ नेटवर्कं दिसली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे : १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, हा वायफायचा नियम. शेजारच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये कुणी व्हिडिओ पाहत बसलं की आपल्या लॅपटॉपलाही थांबावं लागतं.

तिसरं दुखणं शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. रोज सकाळी दोन-तीन जणांना अजिबात नेट मिळायचं नाही. रिस्टार्ट केलं की कधी यायचं, कधी नाही, आणि माणसं दर वेळी वेगळी. अशाच एका लॅपटॉपवर आयपी पत्ता पाहिला. सगळं ऑफिस १९२.१६८.१ च्या मालिकेत, आणि हा एकटा १९२.१६८.० मध्ये. म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणारं दुसरं कुणीतरी बसलं होतं. लॅपटॉप सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक मारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. हा दुसरा पत्ता देत होता, पण इंटरनेटची वाट त्याच्याकडे नव्हतीच.

ऑफिसातल्या सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या नेटवर्क स्विचमधल्या तारा एकेक करून काढत गेलो. अकरावी तार काढल्यावर तो पत्ता गायब झाला. ती तार पकडून चालत गेलो तर वरच्या मजल्यावर फायलींच्या कपाटामागे, २०१४-१५ च्या ऑडिटच्या गठ्ठ्यांखाली एक धूळ खाल्लेला घरगुती राउटर, हिरवा दिवा लुकलुकतोय. कुण्या आर्टिकलने कधीतरी रेंजसाठी घरून आणला आणि तार लॅन पोर्टमध्ये खुपसली. पोरगं पास होऊन गेलं, राउटर मागे राहिला.

पर्याय

हा राउटर काढल्यावर निम्म्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. सरांना वाटलं, झालं काम. एका अर्थी तिथेच थांबताही आलं असतं, पण ३बीच्या दिवशी हॉलमध्ये टॅली अडकत होतीच. म्हणून पुढचं बोलणं झालं.

सरांच्या मनात आणखी दोन एक्सटेंडर होते, “तीन-चार हजारांत विषय संपवा.” ते का नको, हे वर आलंच आहे.

दुसरी सूचना सरांच्या भाच्याची : मोठ्या अँटेनांचा एकच दणकट राउटर. हा मोह बऱ्याच जणांना होतो. मी त्यांना लग्नाच्या मांडवाचं उदाहरण दिलं. स्टेजवरून लाउडस्पीकरवर बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत जातं, पण शेवटच्या रांगेतल्या मावशींनी दिलेलं उत्तर स्टेजपर्यंत येत नाही. राउटर कितीही ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, आणि वायफायमध्ये बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं.

बिनतारी मेशचाही, म्हणजे तारेशिवाय एकमेकींशी जोडलेल्या वायफायच्या पेट्यांचाही, विचार केला. १४ इंची भिंतीतून एका पेटीने दुसऱ्या पेटीशी हवेतूनच बोलायचं असेल तर आपण फिरून एक्सटेंडरपाशीच येतो. प्रत्येक टेबलाला तार हा सगळ्यात भरवशाचा उपाय, पण छिन्नीची अट आणि ३८ पॉइंट यांचा मेळ बसेना.

शेवटी ठरलं ते असं : जे हलत नाही त्याला तार, जे हलतं त्याला वायफाय. सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि कायम एकाच जागी बसणाऱ्या सात अकाउंटंटच्या मशीन तारेवर. बाकी सगळ्यांसाठी चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या पेट्या, प्रत्येकापर्यंत स्वतंत्र तार, आणि वीजही त्याच तारेतून. या पीओईचा एक फायदा नागपुरात लगेच कळतो. कोठीतला एक स्विच इन्व्हर्टरवर टाकला की लाईट गेली तरी सगळीकडचं वायफाय चालू राहतं.

जानेवारी-फेब्रुवारीत केलेलं काम

तारेवरूनच पहिली वादावादी झाली. सरांच्या ओळखीच्या एकाने केबलचा ३०५ मीटरचा डबा आधीच आणून ठेवला होता, निम्म्याहून कमी भावात. डबा उचलला तेव्हाच हलका लागला. तारेचं टोक सोलून ब्लेडने खरवडलं तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरी ॲल्युमिनियमची तार. सर म्हणाले, “पण चालते ना?” चालते, हे खरं. जोडल्यावर दिवा लागतो. पण अशा तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. साध्या पीओईत स्विचच्या पोर्टवरून जास्तीत जास्त १५.४ वॉट निघतात आणि १०० मीटरच्या चांगल्या तारेवर उपकरणाला १२.९५ वॉट मिळतील असं धरलेलं असतं. गणित आधीच काठावरचं. त्यात अशी तार म्हणजे वाटेतच उष्णता, आणि गर्दीच्या वेळी ॲक्सेस पॉइंट कारण न कळता रिस्टार्ट. डबा परत गेला. या निर्णयाचा पश्चात्ताप कुणालाच झाला नाही.

आता जागा. एक रिसेप्शनमध्ये, एक केबिनबाहेरच्या बोळात, एक वरच्या मजल्यावर. चौथ्याचा प्रश्न होता. हॉलचं छत १४ फूट उंच, लाकडी तुळयांचं, आणि आजोबा त्याला हात लावू देईनात. व्हरांड्यात मात्र ट्यूबलाइटची जुनी पट्टी होती, तिच्यातून केबल सहज आली असती. तिन्ही खिडक्यांतून सिग्नल हॉलमध्ये जाईल आणि दुसऱ्या बाजूने अंगण ओलांडून मागच्या खोलीतही पोचेल. एका पेटीत दोन जागा. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश होतो, हे लपवत नाही.

एका रविवारी लॅपटॉप घेऊन टेबलाटेबलावर मोजणी केली. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, उणे आकड्यांत मोजतात. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ऑफिसच्या कामाला मी −६७ ही रेघ धरतो. हॉलमध्ये सगळीकडे −५८ ते −६४, मागच्या खोलीत −६६. कागदावर सगळं हिरवं.

मग चॅनेल. पेट्या खोक्यातून निघाल्या त्या सगळ्या पूर्ण ताकदीवर आणि ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलने. रुंद रस्ता म्हणजे जास्त वेग, हे एकट्या गाडीपुरतं खरं. रडारसाठी राखलेला मधला भाग सोडला तर ८० च्या रुंदीचे दोनच तुकडे उरतात, ४० चे चार आणि २० चे नऊ. चार ॲक्सेस पॉइंट दोन तुकड्यांवर बसवले तर ते आपापसातच भांडणार. म्हणून रुंदी ४० वर आणली.

मधला भाग सुरुवातीला वापरून पाहिला होता. तिथे नियम असा की आधी एक मिनिट कान देऊन ऐकायचं, आणि पुढे कधीही रडारसारखी खूण ऐकू आली की लगेच चॅनेल सोडायचा, अर्धा तास परत यायचं नाही. दोन आठवड्यांच्या नोंदींत एका पेटीने दोनदा अशी उडी मारलेली दिसली. विमानतळ वर्धा रोडवरच, फार लांब नाही. पण खरंच रडार होतं की पेटीला भास झाला, याने काही बिघडत नाही. चॅनेल सुटला की त्यावरचा माणूस तुटतो. मधला भाग बंद केला.

ताकदही कमी केली. हे समजावून सांगणं सगळ्यात अवघड जातं : पैसे देऊन यंत्र आणायचं आणि त्याचा आवाज उतरवायचा? पण एका पेटीवरून दुसरीवर कधी जायचं हे मोबाइल ठरवतो, पेटी नाही. रिसेप्शनची पेटी जोरात असली तर माणूस हॉलच्या टोकाला पोचला तरी मोबाइल तिलाच चिकटून राहतो. चारपैकी दोन पेट्यांवर २.४ गिगाहर्ट्झ पूर्ण बंद केलं. पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं पण वेगळं ठेवलेलं नेटवर्क) ठेवला, म्हणजे वेटिंगमध्ये बसलेल्याला सर्व्हर दिसू नये. नावं दोनच. प्रत्येक नाव सेकंदाला दहाएक वेळा स्वतःची दवंडी पिटत असतं; नावं वाढवली की बोलायला वेळच उरत नाही.

२० फेब्रुवारीची ३बी शांतपणे गेली. बिल मिळालं. चहा झाला.

होळी झाली, कूलर उतरले

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या शिपाईकाकांचा फोन. “भाऊ, हॉलमधलं नेट चालूनच नाही राहिलं. सर लय तापले आहेत.”

गेलो. मागच्या खोलीत ठीक, रिसेप्शनमध्ये ठीक, हॉलमध्ये बोंब. पहिला संशय इंटरनेट देणाऱ्यांवर, म्हणून तिथे तक्रार टाकली. मग फर्मवेअर, म्हणजे पेट्यांमधलं सॉफ्टवेअर, बदललं. मग चॅनेल बदलले. मग, जे करू नका म्हणून आधी मांडवाचं उदाहरण दिलं होतं, तेच मी स्वतः केलं : व्हरांड्यातल्या पेटीची ताकद पूर्ण वाढवली. लॅपटॉपवर काड्या वाढल्या, तक्रारी तेवढ्याच. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी जुळून आल्या. एक वही. सीनियर अकाउंटंट मॅडमनी शाळेची एक शंभर पानी वही टेबलावर ठेवली होती आणि नेट गेलं की प्रत्येकाने टेबल नंबर आणि वेळ लिहायची, असं बजावलं होतं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनाच सुचलं. वहीत दोन वेगळ्या तऱ्हा स्पष्ट दिसत होत्या. हॉलमधली टेबलं दिवसभर रडत होती. आणि त्याशिवाय दुपारी अडीच ते साडेचारच्या दरम्यान हॉल आणि मागची खोली दोन्हीकडून एकदम नोंदी, तीन-चार मिनिटांच्या.

दुसरी गोष्ट काकांची. ते म्हणाले, “कूलर लावले तवापासून हे सुरू आहे, भाऊ. मोटर करंट ओढते, त्यानं नेट जाते.”

मोटरचा संबंध मला पटला नाही. पण मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं आणि कान गरम झाले. नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतात. १४ फुटी छताच्या हॉलला एसी परवडत नाही आणि इथल्या कोरड्या उन्हाला कूलरइतकं उत्तर दुसरं नाही. तिन्ही खिडक्यांत, व्हरांड्याच्या बाजूने, लोखंडी स्टँडवर माणसाच्या छातीएवढे तीन कूलर बसले होते. ज्या खिडक्यांवर मी माझी सगळी हुशारी टांगली होती त्याच. माझ्या पेटीला आता हॉल दिसत नव्हता, तीन कूलरच्या पाठी दिसत होत्या.

संध्याकाळी सातनंतर, सगळे गेल्यावर, मी आणि काकांनी मधल्या खिडकीसमोरच्या टेबलावर प्रयोग केला. कूलर चालू : −७९. कूलर बंद पण जागेवरच : −७८. मग काकांनी स्टँडचा ब्रेक पायाने उचलून कूलर चारेक फूट बाजूला ओढला, पाणी डुचमळून थोडं फरशीवर सांडलं : −६३. परत जागेवर ढकलला : −७८. मोटर निर्दोष. दोष कूलरच्या पेटीचा. पत्र्याचं अंग सिग्नल परतवतं, आणि भिजलेलं वुडवूल आणि टाकीतलं पाणी उरलेला पिऊन टाकतं. १५ डीबीचा फरक म्हणजे ताकद जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर.

“म्हणजे करंट नाही, पेटीच आडवी आली म्हना की,” काका म्हणाले.

दुपारच्या नोंदींचं कारणही व्हरांड्यातच सापडलं. पश्चिमेचं ऊन, वर पत्रा. ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ थर्मामीटर लावला तर दुपारी तीनला ४६ अंश. पेटीच्या कागदावर कमाल ४० लिहिलेलं. तापून ती स्वतःच बंद पडून परत सुरू होत होती. आणि हा अजून एप्रिल होता, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पुढेच.

दुसरा निर्णय, घाईतला

कूलर हलवा असं म्हणायचा प्रश्नच नव्हता. पेटी आत घ्यायला हवी होती. यासाठी आजोबांकडे मी स्वतः गेलो. जानेवारीत त्यांना फक्त ‘ड्रिल मारू का’ विचारलं होतं, उत्तर ‘नाही’ असं आलं आणि मी विषय सोडला होता. या वेळी तुळईला भोक न पाडता आवळणारा शिकंजा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि “मग आधी का नाही दाखवला?” असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हॉलमध्ये तुळयांना दोन पेट्या लागल्या. व्हरांड्यातली एक आत आली, एक नवीन. पण व्हरांडा रिकामा झाल्याबरोबर मागची खोली उघडी पडली. तिथे स्वतंत्र पेटी हवी, म्हणजे अंगण ओलांडून १८ मीटर तार हवी.

इथे प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो मी चुकीचा घेतला. दोन रस्ते होते. फायबर (काचेची तार, तिच्यातून वीज जात नाही) नेला तर मागच्या खोलीत वेगळा छोटा पीओई स्विच आणि इन्व्हर्टरची लाइन द्यावी लागणार, म्हणजे आणखी चार-पाच दिवस आणि वरचा खर्च. तांब्याची तार नेली तर एका दुपारचं काम, वीजही तिच्यातूनच. तारीख १७ एप्रिल. २० ला ३बी. दुसऱ्या फेरीचं बिल कोणी द्यायचं यावर सरांशी आधीच ताणाताणी झाली होती. सामान त्यांचं, मजुरी माझी, असं ठरलं होतं. खर्च वाढवायची जीभ रेटेना. गॅल्व्हनाइज्ड तारेच्या आधाराने तांब्याची केबल कडुनिंबाखालून ओढली.

२० तारीख निभावली. मे महिना निभावला.

जूनमध्ये पहिला पाऊस आला तो विजा घेऊनच. सकाळी मागच्या खोलीतली पेटी मेलेली, आणि कोठीतल्या स्विचचा तिचा पोर्ट आणि शेजारचे दोन पोर्टही. वीज अंगणात पडली नव्हती, बंगल्यावरही नाही. तशी गरजही नसते. आसपास कुठेही कडाडली तरी उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत दाब चढतो आणि तो दोन्ही टोकांकडे जातो. नशीब, सर्व्हरची तार स्विचच्या दुसऱ्या टोकाला होती.

त्या आठवड्यात फायबर टाकला. काच वीज वाहून नेत नाही. धातूचं कवच नसलेली केबल घेतली, नाहीतर पुन्हा तेच. या वेळी मजुरीबरोबर जळालेली पेटीही मी माझ्या खिशातून दिली. सर काही बोलले नाहीत.

निष्पत्ती

३१ जुलैच्या आठवड्यात ऑफिस रात्री अकरापर्यंत चालू होतं. हॉलमध्ये कूलर जागेवर असताना −५५ ते −६२, मागच्या खोलीत −५२. पेट्या आता सहा झाल्या होत्या, म्हणून चॅनेलची रुंदी ४० वरून २० वर आणली. एका लॅपटॉपवर वेग तपासला तर आकडा फेब्रुवारीपेक्षा कमी दिसतो, आणि भाच्याने तो दाखवलाही. पण ३८ माणसं एकदम कामाला बसली की टॅली अडकत नाही. त्या आठवड्यात वहीत दोनच नोंदी. एक लाईट गेल्याची, तेव्हा इंटरनेटचा राउटरच इन्व्हर्टरवर नव्हता असं कळलं. दुसरी टेबल ९ ची, आणि तिथे लॅपटॉपच पाच वर्षांचा निघाला.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी जानेवारीत, रविवारी, रिकाम्या हॉलमध्ये केली. माणसंही सिग्नल शोषतात, हे ठाऊक असून रविवार निवडला, कारण सोयीचा होता. पण कूलरचं मला सुचायलाच हवं होतं. माझा जन्म नागपूरचा. आता कुठेही गेलो की पहिला प्रश्न ‘इथे वर्षभरात काय हलतं?’ असतो. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका गोदामात याच प्रश्नामुळे कळलं की दिवाळीआधी माल छतापर्यंत लागतो. एका शाळेत उत्तर मिळालं, गॅदरिंगचा पत्र्याचा मांडव.

एका पेटीत दोन जागा भागवायचा हट्ट हे मूळ होतं, असं मला आता वाटतं. हॉलमध्ये सगळ्यात जास्त माणसं, आणि हॉलचीच पेटी हॉलबाहेर. तांत्रिक कारण नव्हतं. आजोबांशी दुसऱ्यांदा बोलायचा कंटाळा होता. त्या कंटाळ्यातून व्हरांडा आला, व्हरांड्यातून घाई, घाईतून अंगणातली तार.

तांब्याच्या तारेबद्दल मात्र माझं मत थोडं दुहेरी आहे. १७ एप्रिलला पुन्हा उभा राहिलो तर कदाचित तीच तार टाकीन, पण तात्पुरती म्हणून, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावून, आणि ‘१ जूनच्या आत फायबर’ हे बिलावर लिहून. मी ते तोंडी बोललो होतो. तोंडी बोललेलं मे महिन्यात वितळतं.

ती वही पहिल्या दिवसापासून हवी होती. माझ्याकडे नेटवर्कचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर होतं, ते पेटी चालू की बंद एवढं सांगत होतं. कुठलं टेबल कधी रडलं, हे त्या शंभर पानी वहीतच होतं.

अजून लटकलेलं

पासवर्डचा प्रश्न सुटलेला नाही. आर्टिकलशिप जुलै २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली, त्यामुळे मुलं आणखी लवकर बदलतात, आणि प्रत्येक जाणारा ऑफिसचा पासवर्ड मोबाइलमध्ये घेऊन जातो. खरं उत्तर म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, माणूस गेला की तेवढंच बंद. त्यासाठी सर्व्हरवर एक सेवा चालवावी लागते आणि नावं काढणारं-घालणारं कुणीतरी लागतं. मॅडमनी विचारलं, “कोण बघणार ते?” सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी वार्षिक कराराचा आकडा सांगितला, आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला. तोवर दर तीन महिन्यांनी, २० तारखेची गर्दी ओसरली की मी पासवर्ड बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन टेबलाटेबलावर फिरतात, आणि लिहून झालं की चिठ्ठी परत मागून घेतात.